उघड्या हातांची हमी

अमरावतीत अंबागेटाच्या आत कोरड्या धुलाईचे दुकान चालवणारे माधवराव उपाध्ये यांचे हात कशाने गेले, हा प्रश्न समोर ठेवून मी हा लेख लिहायला बसले आहे. त्या काळी गावात याची दोन उत्तरे तयार होती. एक थंडीचे, ते चारचौघांत बोलले जाई. दुसरे महारोगाचे, ते माधवरावांची पाठ वळल्यावर बोलले जाई. तिसरे उत्तर त्यांच्या पत्नीचे, यमुनावहिनींचे होते, आणि ते कोणी फारसे ऐकून घेतले नाही. वऱ्हाड मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायला अमरावतीला आले आणि याच दुकानाच्या माडीवर भाड्याने राहिले. दुकानातून घराकडे जाणारी बोळ माझ्या जिन्याखालून जाई. त्यामुळे जे घडले त्यातले बरेचसे मला दिसले. ते दिसले त्या क्रमाने सांगते. उत्तर शेवटी देईन, आणि ते कितपत पक्के आहे हेही सांगेन.

माधवराव मूळचे भिक्षुकाच्या घरातले. त्यांचे थोरले भाऊ अकोल्याला वडिलांची वृत्ती चालवत होते. धाकट्याने कपडे धुण्याचे दुकान काढले, तेव्हा त्या भावाने वर्षभर बोलणे टाकले होते. माधवराव हे हसत सांगत. बुटका बांधा, नाकातून येणारा आवाज आणि कामात असताना सतत चाललेले गुणगुणणे. त्यात सूर नसे आणि शब्दही नसत. गुणगुणणे थांबले की आत काहीतरी बिनसले आहे असे वहिनी समजत.

डाग वाचण्याची त्यांना विलक्षण हौस होती. पीतांबर उजेडाकडे धरून ते एकेका डागाची जन्मकथा सांगत. हे तूप होमातले, कारण त्यात राखेचा कण आहे. ही हळद लग्नातली, ही मुंजीतली. लग्नातली हळद जास्त लोकांनी लावलेली असते म्हणून पसरट असते. एकदा गावातले नावाजलेले वकील तात्यासाहेब आपले सोवळे घेऊन आले. ते एका देवस्थानाचे विश्वस्तही होते. माधवरावांनी डागाला नाक लावले आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “तात्यासाहेब, बासुंदी दुसऱ्यांदा मागितली तेव्हाचा आहे हा. पहिल्या वाढीला माणूस सावध असतो.” तात्यासाहेब मोठ्याने हसले. त्या काळात ते या दुकानात अर्धा अर्धा तास बसत.

आता दुकानाची पद्धत सांगायला हवी, कारण सारे त्या पद्धतीवर फिरले. पूजेला, होमाला, श्राद्धाला नेसायचे रेशमी वस्त्र म्हणजे सोवळे. ते दुसऱ्या कोणी शिवायचे नसते. त्यामुळे ते परटाकडे जात नसे, आणि घरी पाण्यात धुतले तर तुपाचे डाग तसेच राहून रंग मात्र उतरे. गावातली कितीतरी उंची सोवळी अशी डागांसकट वापरली जात. माधवरावांनी ही अडचण हेरली. दुकानात त्यांनी सरळ पाटीच लावली होती : सोवळी वस्त्रे स्नान केलेल्या ब्राह्मणाच्या उघड्या हातांनी धुतली जातील. दुसऱ्याचा हात लागणार नाही, चामडे किंवा रबर लागणार नाही. या एका हमीवर अमरावती, बडनेरा, चांदूर रेल्वे इथल्या घरांतून त्यांच्याकडे कपडे येऊ लागले.

पाण्याऐवजी वापरायच्या द्रवाला सोवळ्यात जागा आहे का, असे कोणी विचारले तर त्यांचे उत्तर ठरलेले होते. “झाडाचं नाही, जनावराचं नाही, चुलीवर शिजवलेलं नाही. त्याले विटाळ लागन कुठून?”

दुकानात दुसरा एकच माणूस होता, नामदेव. तो परीट, आमच्याकडे वरठी म्हणतात. वयाने तो माधवरावांच्याच बरोबरीचा. सुती कपडे, वकिलांचे पांढरे सदरे, मास्तरांची धोतरे तो मागच्या अंगणात हौदावर पाण्यासाबणाने धुई आणि पुढे ओट्यावर कोळशाच्या इस्त्रीने घडी घाली. मधल्या बंद खोलीत कोरड्या धुलाईचे जस्ती टब होते. तिथे त्याने पाऊल टाकायचे नाही असा नेम होता. नामदेव माधवरावांना ‘महाराज’ म्हणे, आणि दोघे दिवसभर एकमेकांची थट्टा करत. पण त्या खोलीच्या उंबऱ्यावर थट्टा थांबे.

सुरुवातीला टबात पेट्रोल असे. तेव्हा वहिनींचा जीव टांगणीला लागलेला असायचा. टब उघडा असेपर्यंत त्या चूल पेटवत नसत. मग नागपूरहून एक नवा द्रव पिंपातून येऊ लागला. त्याचे इंग्रजी नाव लांबलचक होते. दुकानात सगळे त्याला ‘ट्राय’ म्हणत. वास गोडसर, दवाखान्यातल्या भुलीच्या औषधाची आठवण देणारा. त्याचा मोठा गुण म्हणजे तो पेटत नसे. माधवराव गिऱ्हाइकांसमोर वाटीत थोडा ट्राय ओतत, काडी ओढत आणि पेटती काडी आत टाकत. काडी चुर्र करून विझे. “पाह्यलं? हे आगीलेच विझवते,” ते म्हणत आणि वाटी पुन्हा टबात रिकामी करत. जे पेटत नाही त्याची भीती नाही, असे आम्ही सगळेच धरून चाललो. वहिनींनी चूल वेळेवर पेटवायला सुरुवात केली. ट्राय महाग होता आणि उघड्यावर भराभर उडून जाई, म्हणून मधल्या खोलीची एकुलती खिडकी त्यांनी कायमची लावून घेतली.

त्या खोलीतले त्यांचे काम मी दारातून अनेकदा पाहिले. कोपरापर्यंत दोन्ही हात टबात. वस्त्र पिळायचे नाही, दाबायचे. मग जरीची किनार दोन बोटांच्या चिमटीत धरून चोळायची. तूप गेले की नाही हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळते, असे त्यांचे म्हणणे. काम संपले की हात कोरडे ठणठणीत आणि पांढुरके दिसत. ते खोबरेल लावत आणि जेवायला बसत.

पहिला बदल एका पौषातल्या सकाळी दिसला. ते हौदावर तोंड धुऊन आले आणि त्यांनी हात नामदेवसमोर धरले. उजव्या हाताची मधली तीन बोटे पेरांपर्यंत चुन्यासारखी पांढरी झाली होती. पुढे ती निळसर झाली, मग लाल, आणि ठणकू लागली. नामदेवने इस्त्रीवर हात धरायला सांगितले. माधवराव म्हणाले, “नामदेवा, मले घडी घालून ठेवतं काय?” त्या वर्षी थंडी कडक होती, त्यामुळे कोणी त्याचा जास्त विचार केला नाही.

पुढच्या थंडीत बोटे सुजली. अंगठी सोनाराकडून कापून काढावी लागली. त्यानंतर सूज ओसरली असे वाटले, पण खरे तर कातडी हाडाला घट्ट बसत चालली होती. ती चकाकू लागली. मनगटावरची कातडी चिमटीत धरायला गेले तर धरता येईना. कपाळाच्या आठ्या गेल्या, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या गेल्या. गिऱ्हाइके म्हणत, माधवराव, तुम्ही दिवसेंदिवस जवान होऊन राहिले. ते हसत, पण हसताना ओठ पूर्वीइतके लांबत नव्हते. गुणगुणणे अधूनमधून थांबू लागले.

मग एक दिवस वहिनी माडीवर आल्या आणि खिडकीशी उभ्या राहून म्हणाल्या, “बाई, आज यांना आचमनाचं पाणी धरता आलं नाही.” संध्येच्या वेळी तळहाताची जी ओंजळ करावी लागते ती होईना. हात पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखा सपाट राहिला आणि पाणी कडेने गळून गेले. त्यांनी तीनदा करून पाहिले आणि मग पळी खाली ठेवून ते तसेच बसून राहिले. हे सांगताना वहिनी रडल्या नाहीत. त्यांनी मला एक प्रश्न विचारला, आणि शास्त्र शिकवणाऱ्या माणसाने विचारायला हवा तो हाच प्रश्न होता.

“थंडीनं होते म्हणतात. मग नामदेवले काहून नाही झालं? तो तं पौषात पहाटेपासून गार पाण्यात असतो.”

मी दुसऱ्या दिवसापासून नामदेवचे हात पाहू लागले. भेगाळलेले, राठ, सोड्याने खरबडलेले. पण बोटे मिटत होती, उघडत होती, आणि थंडीत पांढरी पडत नव्हती. दोन माणसे, एकच दुकान, एकच हवा, जवळपास एकच वय. फरक मधल्या खोलीचा. अर्थात दोन माणसांवरून नियम बांधता येत नाही हे मी वर्गात रोज सांगत होते. शिवाय दुसरी अडचण होती. उन्हाळ्यात माधवरावांना बरे वाटे आणि आम्हाला वाटे, आता उतार पडला. पण उन्हाळ्यात थंडीही नसते आणि कामही थोडे असते. रेशमी वस्त्रांची गर्दी दिवाळीपासून होळीपर्यंत. थंडी आणि टब दर वर्षी हातात हात घालून येत. त्यांना एकमेकांपासून सोडवून पाहण्याची सोय नव्हती.

तरी मी शाळेच्या प्रयोगशाळेतले रबरी हातमोजे मागून आणले आणि त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते बोटाने उलटेसुलटे केले. “रबराच्या हातानं सोवळं धुतलं, तं मग नामदेव काय वाईट होता, बाई? त्यालेच नसतं का ठेवलं?” नामदेव ओट्यावरून म्हणाला, “ठेवा न महाराज, मी कुठं नाई म्हनतो?” तिघेही हसलो. पण मोजे तिथेच राहिले, आणि संध्याकाळी वहिनींनी ते मला परत आणून दिले.

गावात कुजबुज केव्हा सुरू झाली ते नक्की सांगता येणार नाही. कठीण झालेली कातडी, काळवंडलेले आणि मध्येच पांढरे ठिपके असलेले हात, बोटांच्या टोकांवर न भरणाऱ्या लहान जखमा. आमच्या भागात अशा हातांना एकच नाव होते, आणि त्या नावाच्या माणसाला घराबाहेर काढत. मंगळवारी वहिनींकडे बसायला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या. बडनेऱ्याच्या एका घराने शालू न धुताच परत मागवला. वहिनींच्या हळदीकुंकवाला शेजारच्या दोघीच आल्या आणि त्यांनीही प्रसाद तिथे खाल्ला नाही, पदरात बांधून नेला. वहिनींनी ते पाहिले. माधवराव मात्र गिऱ्हाईक कमी झाले ते लग्नसराई संपल्यामुळे, असे सांगत राहिले.

मग तात्यासाहेब आले. मी शाळेतून परतत होते आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. माधवरावांनी त्यांचा पीतांबर धुऊन, पाटावर घडी करून ठेवला होता. ते उठले, दोन्ही सपाट तळव्यांवर घडी घेतली आणि पुढे केली. तात्यासाहेब ओट्याच्या खालीच उभे राहिले. त्यांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग माधवरावांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत म्हणाले, “नामदेव, तू दे.”

नामदेवच्या हातात इस्त्री होती. त्याने ती स्टँडवर ठेवली, हात धोतराला पुसले, पण तो जागचा हलला नाही.

“मी कसा देऊ, वकीलसाहेब? सोवळं हाय ते.”

“चालेल. दे तू.”

“माह्या हातानं नाई होत,” नामदेव म्हणाला, आणि त्याने पुन्हा इस्त्री उचलली.

माधवरावांनी घडी ओट्याच्या कडेवर ठेवली आणि ते मागे सरले. तात्यासाहेबांनी पीतांबर उचलला, छत्री उघडली, ऊन-पाऊस नव्हता तरी. त्या रात्री वहिनींनी ठरवले की अकोल्याला जायचे. तिथे इंग्लंडात शिकून आलेले एक डॉक्टर होते आणि थोरल्या दिरांचे घर होते. माझी बहीण अकोल्यालाच असल्यामुळे मी सोबत निघाले.

दिरांच्या घरी आम्ही उतरलो नाही. निरोप आला होता की घरात लहान मुले आहेत. आम्ही माझ्या बहिणीकडे राहिलो.

डॉक्टरांनी माधवरावांना डोळे मिटायला सांगितले. मग एक टाचणी आणि कापसाचा बोळा घेऊन ते हातावर जागोजागी कधी टाचणी, कधी बोळा टेकवू लागले. काय लागले ते माधवरावांनी सांगायचे. महारोगाच्या चट्ट्याची संवेदना जाते, हे वहिनींना बहिणीने आदल्या दिवशी सांगितले होते. त्या टेबलाची कड धरून उभ्या होत्या. “टाचणी,” माधवराव म्हणाले. “कापूस. टाचणी. टाचणी.” मग डॉक्टरांनी गरम पाण्याची काचनळी आणि गार पाण्याची काचनळी लावून पाहिली. एकदाही चूक झाली नाही. शेवटच्या टाचणीला ते इतके जोरात कळवळले की डॉक्टरांनी माफी मागितली. वहिनींनी टेबल सोडले.

महारोग नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ शब्दांत सांगितले. कातडी कठीण करत जाणारा हा वेगळा विकार आहे, कोणापासून कोणाला होत नाही, आणि खात्रीचे औषध त्यांच्याजवळ नाही. थंडीपासून हात जपायचे. मग त्यांनी कामाची चौकशी केली. टब, ट्राय, बंद खिडकी, उघडे हात, सगळे नीट ऐकून घेतले.

“यानेच झाले असे मी सांगू शकत नाही. तसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. पण जो पदार्थ कपड्यातले तूप विरघळवतो, तो तुमच्या हातातला स्निग्धपणा ठेवील कशाला? आणि त्याची वाफ रोज श्वासातून आत जाते आहे. तुम्ही त्यात हात घालू नका.”

परतीच्या गाडीत माधवराव गुणगुणत होते. मूर्तिजापूरला त्यांनी आम्हा दोघींना चहा पाजला आणि स्वतः कप दोन तळव्यांत धरून प्यायले, सगळ्या डब्यासमोर. अनोळखी माणसांनाही त्यांनी सांगितले की महारोग नाही. वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांना कशाची धास्ती होती ते दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळले.

सकाळी दुकानाच्या फळ्या नेहमीपेक्षा लवकर निघाल्या. माधवराव आणि भाड्याने आणलेला एक ब्राह्मण गडी मधल्या खोलीतला टब ओढत पुढे आणत होते. टब ओट्यावर, रस्त्याच्या तोंडाला ठेवला गेला. माधवराव स्नान करून, रेशमी कद नेसून आले. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या.

“अहो, डॉक्टरांनी काय सांगितलं?”

“महारोग नाही, हे सांगितलं.”

“अन् दुसरं?”

“दुसऱ्याची खात्री नाही म्हणाले. तू ऐकलं न?”

“ऐकलं. घालू नका म्हणाले, तेही ऐकलं.”

ते टबापाशी वाकले. “यमुने, आज हात झाकले तं गाव काय म्हणन? लपवून राहिला म्हणन. पाहू दे सगळ्याईले.” आणि कोपरापर्यंत दोन्ही हात आत गेले.

हा सगळा प्रकार मी नंतर पुष्कळदा मनात उलटून पाहिला आहे. महारोग नाही हे कळल्याने त्यांची सुटका व्हायला हवी होती. पण ज्या हमीवर दुकान उभे होते तीच आता निर्दोषपणाची खूण होऊन बसली. उघडे हात दाखवल्याशिवाय गावाला पटणार नव्हते, आणि उघडे हात दाखवण्याची त्यांच्याजवळ एकच रीत होती. ती सफलही झाली. चार माणसे थांबली, मग दहा. अकोल्याच्या डॉक्टरांचे बोलणे गावभर झाले. कार्तिकापर्यंत कपाट सोवळ्यांनी भरले. तात्यासाहेबांनी पीतांबर पाठवला, पण कारकुनाबरोबर.

ती थंडी मला सगळ्यात लांब वाटली. ओट्यावरचे काम दोन आठवड्यांत पुन्हा मधल्या खोलीत गेले, कारण उघड्यावर ट्राय उडून जाई. हात आता मनगटापासून एकसंध लाकडासारखे हलत. वहिनी भात कालवून, लहान घास करून त्यांच्या ओठांशी नेत, कारण तोंडही पुरते उघडेना. घरातल्या घरात चालतानाही त्यांना धाप लागे. मी अनेकदा बोलले. ते म्हणत, होळीपर्यंत, बाई. नामदेव आता थट्टा करत नसे. एकदा त्याने सोड्याचे डबडे आपटले आणि म्हणाला, “महाराज, मी धुतो, तुमी फक्त उभे राहा. कोनाले सांगतो मी?” माधवरावांनी मान हलवली. सांगितले नाही तरी आपल्याला ठाऊक राहील, असे ते म्हणाले.

माघात एका लग्नघराचा जरीचा शालू आला. स्वतः तात्यासाहेबांच्या घरचा. त्यांच्या मुलीचे लग्न होते. बऱ्याच महिन्यांनी ते जातीने आले होते आणि ओट्यावर चढून बसले होते. मी त्यांच्या पत्नीशी बोलत दारात उभी होते. आतून वस्त्र टबात आदळल्याचा आवाज आला. मग पुन्हा. भिजलेला शालू जड होतो. माधवरावांच्या बोटांत तो उचलून दाबण्याइतकी पकड राहिली नव्हती. उचलत होते आणि तो निसटत होता.

वहिनी न्हाऊन, ओल्या केसांनी आल्या. त्यांनी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि टबाच्या दुसऱ्या बाजूला बसून आपले दोन्ही हात आत घातले.

“काढ,” माधवराव म्हणाले.

त्यांनी शालूचे टोक धरले आणि दाबायला सुरुवात केली.

“यमुने, काढ हात. तुले सांगून राहिलो.”

“स्नान झालं आहे माझं. ब्राह्मणाचाच हात आहे. पाटीवर आणखी काय लिहिलं आहे?”

“तुझ्या हाताले काही झालं तं?”

“कशानं होईल? खात्री नाही न?”

तात्यासाहेब उठून दारापर्यंत आले होते. त्यांच्याकडे वहिनींनी पाहिलेही नाही. माधवराव टबातल्या चार हातांकडे पाहत होते. दोन चकाकते, काळपट, वळत नसलेले. दोन गोरे, हिरव्या बांगड्यांचे, त्या गोड वासाच्या द्रवात मनगटांपर्यंत बुडालेले. “तुम्ही काढा,” वहिनी हळू म्हणाल्या, “मग मी काढते.”

त्यांनी हात काढले. थेंब टबात पडायचे थांबेपर्यंत ते तसेच समोर धरून बसले. मग वहिनींनी आपले काढले. शालू टबात राहिला. तात्यासाहेबांना उद्देशून वहिनी म्हणाल्या की धुतलेला हवा असेल तर नामदेव धुईल, नाहीतर असाच न्यावा. तात्यासाहेबांनी नामदेवला खूण केली. शालू नामदेवने धुतला, रबरी मोजे घालून, अंगणात, मोकळ्या हवेत. मोजे मी दिले. कोरड्या धुलाईचा त्या दुकानातला तो शेवटचा कपडा.

दुकान नामदेवने घेतले, साध्या धुलाईचे. उपाध्ये अकोल्याला गेले; थोरल्या भावाने स्वतः येऊन नेले. टब सुटला, पण रोग सुटला नाही. तो मंदावला असे वहिनी म्हणत, आणि मला ते खरे वाटायचे. पण तो तसाही मंदावला असता का, हे कोणी सांगू शकत नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी मी त्यांना अखेरचे पाहिले. माघाचे ऊन अंगणात पडले होते. ते पाटावर बसले होते, हातांवर लोकरीची पिशवी. संध्येची वेळ झाली. वहिनींनी पळीत पाणी घेतले, आपल्या तळहाताची ओंजळ त्यांच्या सपाट तळहाताखाली धरली, कडा वर उचलून दाबली आणि त्या दुहेरी हातात पाणी सोडले. ते टिकले. माधवरावांनी ते ओठांशी नेले. मग मला जवळ बोलावले. माझ्या अंगावर रेशमी साडी होती, अकोल्यातल्याच एका नव्या दुकानातून आदल्या दिवशी धुऊन आणलेली. त्यांनी पदराला नाक लावले.

“वास गेला नाही पुरता,” ते म्हणाले. आवाज आता अरुंद तोंडातून, बारीक येई. “दोन दिवस उन्हात टाका. धुणारा कोण आहे?”

मी दुकानाचे नाव सांगितले.

“दुकान नाही विचारलं. माणूस विचारला. त्याचे हात पाह्यले का?”

त्याच वर्षी थंडी सरता सरता ते गेले.

आता उत्तर. पुढे अकोल्याच्या त्याच डॉक्टरांनी मला समजावले की या रोगात शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच कातडीवर उलटते. कोणात ती उलटेल हे बहुधा माणसाच्या घडणीत असते. पण उलटायला काहीतरी निमित्त लागत असावे, आणि अशा द्रवांवर रोज काम करणाऱ्यांत हा रोग दिसल्याच्या नोंदी परदेशातून येऊ लागल्या आहेत. तोच ट्राय वापरून धडधाकट राहिलेली माणसेही आहेत, म्हणून एकट्या द्रवाला दोष देऊन भागत नाही. माझे उत्तर असे : माधवरावांचे हात टबाने गेले असावेत, थंडीने ते दाखवून दिले, आणि महारोगाच्या भीतीने त्यांना टबात धरून ठेवले. यातला ‘असावेत’ हा शब्द मी विचार करून ठेवला आहे. एका माणसावरून मी याहून अधिक म्हणू शकत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका; स्वतः पाहा. तुमचे रेशमी कपडे कोण धुतो, छापखान्यात अक्षरांचे खिळे कोण पुसतो, रंगाचे डबे कोण ढवळतो, ते शोधा. त्याच्या खोलीला खिडकी आहे का आणि ती उघडते का, ते पाहा. थंडीत त्याची बोटे पांढरी पडतात का, ते विचारा. आणि त्याला ओंजळ करून दाखवायला सांगा.